आगाऊ

हॉस्पिटलनं छापील कागद दिला:
सुती दुपटी सहा, झबली मागून बंदांची,
लंगोट डझनभर, टोपडी दोन,
रबरी चादर एक, साबण बिनवासाचा.
खाली पेनानं कुणीतरी लिहिलंय,
'आणि बादली.'
बादली घरात आहे.

अक्का म्हणतात, आधी काही आणायचं नाही.
बाळाच्या नावानं सुतळीचा तोडा उंबऱ्याच्या आत नको.
डोंबिवलीची नणंद फोटो पाठवते
बाटल्या उकळायच्या यंत्राचे,
चाकांच्या पाळण्याचे.
आमच्याकडे कपाट उघडायचं तर
खुर्ची आधी पॅसेजमध्ये न्यावी लागते.
चाकं फिरणार कुठं?

दुपारी एकटीच निघाले.
लालबागला, मसाल्याच्या गल्लीला लागून
गालाशेठचं दुकान. पायरी उंच.
आठव्या महिन्यात पायऱ्यांची उंची कळते.

त्यानं स्टूल पुसून दिलं, पंखा माझ्याकडे वळवला,
मग झबली काढली.
मी बाहीत दोन बोटं घालून पाहिली,
सगळ्याच घालत असतील.
'शिवण भायेरच्या बाजूला पायजे, आत टोचते.
कढत पाण्यातून काढा एकदा, खळ जाते.
पांढराच घ्या. शीचा रंग कसला,
डॉक्टर पयला तेच विचारते.'
दुपटं त्यानं हवेत झटकलं
आणि काउंटरवर पसरलं, त्रिकोणी घडी घालून,
मधे कुणीच नसलेलं.

'पैसे आगाऊ द्या, माल इथंच ऱ्हाऊ दे.
झालं की मिस्टरला पाठवा.
रात्री दोनला पण मी खाली उतरते.
सगळे असाच करतात. नाव?'

तांडेल.

पेन थांबलं.
वही मागे चाळली नाही त्यानं.
वर पाहिलं फक्त, माळ्याकडे.

मला ठाऊक होतं.
नाहीतर दादरला गेले नसते का?

शिडी आली. ब्राउन पेपरचं पुडकं आलं,
त्यावर त्याच्याच अक्षरात आमचं नाव
आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.
'विकला नाय,' तो म्हणाला.
'तुमाला बोलावला पण नाय. काय सांगून बोलावणार?'
गाठ सुटेना. दात लावणार होता, मग कात्री घेतली.
आत लंगोट, घडीवर पिवळे पडलेले,
डांबरगोळीचा वास,
आणि लाल गोंड्याचं टोपडं.
ते विसरलेच होते मी.
गोंड्याचे दहा रुपये जास्त कशाला,
म्हणून तेव्हा घासाघीस केली होती मी, हसत हसत.

शेजारी डंखावर मिरची पडली.
दोघांनाही ठसका लागला.
डोळे पुसायला बरं झालं.

'हा नका घेऊ, बेन. नवीन देते,
ह्याचे पैसे त्यात वळते करते.'

अक्का असंही म्हणतात,
पहिलं अंगाला जुनं लावायचं,
कुणाचं तरी वापरून मऊ झालेलं.
मी म्हटलं, शेठ, हे जुनं आहे.
कुणी घातलं नाही,
पण जुनं आहे ना?
त्यानं जरा विचार केला.
'जुना तर हाय,' म्हणाला.

नवी झबली लिहून घेतली, रबरी चादर घेतली,
दोनशे जमा, बाकी नंतर.
जुनं-नवं एकाच पुडक्यात बांधायला लावलं,
आणि माळ्यावर नको म्हटलं.
खाली ठेवा, हाताला लागेल असं.
टोपडं तेवढं पर्समध्ये टाकलं,
डब्याच्या आणि छत्रीच्या मधे.
अक्कांना सांगणार नाही.

पायरी उतरताना बरगडीखाली लाथ बसली,
टाचेचीच असणार, अशी टोकदार.
आगाऊ कुठलं, म्हटलं,
थांब ना जरा.

घरी आले आणि बादली घासायला घेतली.
आत चुन्याचे जुने डाग, कडीला गंज.
ती तर आधीपासून घरातच आहे,
तिला कसला आलाय अपशकुन.