खात्री आहे ना?

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या गोदामावर माझा गाळा.
खालून डांबराचा, खारवलेल्या मासळीचा वास येतो,
संगणकांच्या पोटातही तोच शिरतो.
झाकण उघडलं की आत मीठ,
कधी एखादा चंदेरी खवला.
लोक विचारतात, सुन्वोर, कुठली सिस्टीम चांगली?
मी म्हणते, मीठ सगळ्यांना सारखंच खातं.

हे अर्धं खोटं आहे.
मला लिनक्स आवडतं. काळी खिडकी,
तिच्यात उघडझाप करणारी एक रेघ,
काहीही न सुचवता थांबलेली.
मला सुचवणारी माणसं लहानपणापासून आवडत नाहीत.
माझी बहीण रान्वा मॅकवाली.
तिला खिडकीतून डोंगर दिसला की पुरे,
बिजागरी कुठे आहे ते तिला विचारू नये.
नाताळच्या जेवणाला आम्ही दोघी
हवामानावर बोलतो.

फेब्रुवारीत याल्ग्रिम आला,
रेनकोटात गुंडाळलेलं एक धूड
तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून.
वीस वर्षांपूर्वीची विंडोज.
पडद्यावर ती हिरवी टेकडी;
त्याला वाटायचं, कुणीतरी विडोयला येऊन
फोटो काढून गेलं, आणि मेंढ्या तेवढ्या पुसल्या.
म्हणाला, फार हळू झालंय. माझ्यासारखं.
जरा बघ.

मी बघितलं. मग नुसतं बघून थांबले नाही.
रात्रभर जुनं सगळं उपसलं,
त्याच्या वाऱ्याच्या नोंदी जपून बाजूला ठेवल्या,
पत्त्यांचा डाव हुबेहूब तसाच शोधला,
आणि माझ्या आवडीचं घर
त्याच्या धुडात थाटून दिलं.
फुकट, हलकं, वेगवान.
मेनूसुद्धा फारोईत, आपल्या भाषेत!
(कुणा हौशी मास्तरणीने केलेलं भाषांतर,
दोन ठिकाणी चुकलेलं, तरी आपलं.)
पैसे घेतले नाहीत. छाती फुगवून
जिन्यापर्यंत पोचवायला गेले.

चौथ्या दिवशी तो परत. तोच रेनकोट.
बिघडलं का?
नाही, नाही. पळतंय.
खुर्चीत बसला. टोपी गुडघ्यावर.
खाली कुणीतरी पिंपं ओढत होतं,
तो आवाज संपेपर्यंत गप्प राहिला.
मग म्हणाला,
ते विचारत नाही गं.

काय विचारत नाही?
जुनं विचारायचं.
एखादी नोंद काढून टाकायला गेलो की म्हणायचं,
खात्री आहे ना?
तेही डॅनिशमध्ये, शाळेतल्या हेडमास्तरासारखं.
मी थोडा वेळ बसायचो.
बरेचदा म्हणायचो, नाही.
हे नवं गुमान ऐकतं.
काल सत्याऐंशीचा अख्खा मार्च गेला.

मी सांगू शकले असते
की ती एक खूण असते, सेटिंगमध्ये,
की मीच ती काढली होती,
कारण मला ते प्रश्न म्हणजे कटकट वाटते.
मार्च माझ्याकडच्या प्रतीत होता, तो परत दिला.
आणि मग, तो कॉफी पीत असताना,
वीस वर्षांचं ते धूड पुन्हा होतं तसं केलं.
इंटरनेटची तार तेवढी काढून घेतली,
म्हणजे बाहेरचं कुणी येऊन
त्याला शहाणं करायला नको.
तीन तास लागले.
टेकडी उगवली तेव्हा तो म्हणाला,
हं.

माझी आवड बदललेली नाही.
रेघ अजून उघडझाप करते, मी अजून
तोंडातोंडी हुकूम सोडते तिला,
आणि रान्वाच्या लॅपटॉपला नावं ठेवते.
फक्त एका रविवारी, वारा दार ठोठावत असताना,
मी माझ्या यंत्राला एक जादा ओळ शिकवली.
पुसण्याआधी विचार म्हटलं.
शुद्ध फारोईत, अरेतुरेत.

काल रात्री जुनी पत्रं आवरत होते.
त्याने विचारलं.
मी उत्तर न देता
कॉफी ठेवायला उठले.