तेल आणि वंगण

जिल्ह्याकडून तक्ता आला, आडवा, अकरा रकान्यांचा:
येत्या पाच वर्षांत आपल्या भागात
कोणत्या कौशल्याचे किती हात लागतील?
हात हा शब्द माझा. त्यांनी ‘मनुष्यबळ’ लिहिलं होतं.

मी आयटीआयत विणकाम शिकवतो.
आमच्याकडे माग एकच. त्याची मोटार जळून बारा वर्षं झाली.
माग थांबला, मागणीपत्र मात्र चालू आहे.
पोरं धोट्याची आकृती काढतात, सुबक,
बाण मारून भागांना नावं देतात.
अंबिका येमूलला ब्याऐंशी गुण पडले
कधी न हललेल्या यंत्राच्या गतीवर.

तक्ता घेऊन अक्कलकोट रोडला गेलो.
एमआयडीसीत दुपारी डांबर चपलेला धरतं.
टॉवेलवाले चिलवेरीशेठ म्हणाले, चहा घ्या,
बारा लिहा, बावीस लिहा,
बँक मला पुढची मशीन कुठली आणू देईल
ते मलाच कुठं ठाऊक आहे?
मग कप ठेवून, हळू:
सर, तुमच्या पोरांना सगळं येतं.
फक्त मशीन बंद पडली की ती माझ्या तोंडाकडे बघतात.

आत शेडमध्ये नरसय्या दुस्सा.
चौथी पास, तेलुगू शाळा, कानांत कापसाचे बोळे.
चोवीस माग एकदम बडवत होते
आणि ते पाठमोरे, तंबाखू मळत.
मळता मळता डावा हात उचलून बोटांनी सांगितलं: सतरा.
पोरगा धावला.
धागा अजून तुटलाही नव्हता.
कसं कळलं? मी ओरडून विचारलं.
कसं म्हंजे? खोकला की तो.

त्यांना शिकवायला बोलवावं म्हटलं
तर प्राचार्य म्हणाले, प्रमाणपत्र?
नियमात बसेना.
मग दर शनिवारचे तीनशे रुपये
मी ‘तेल आणि वंगण’ या खात्यात टाकले.
ऑडिट झालं. बंद मागाला इतकं तेल कशाला,
कुणीही विचारलं नाही.

नरसय्या फळ्याकडे पाठ करून बसायचे.
पहिल्या शनिवारी पोरं हसली.
दुसऱ्या शनिवारी ते सगळ्यांना शेडवर घेऊन गेले,
डोळे मिटून उभं केलं, तासभर, त्या उकाड्यात.
अंबिका म्हणाली,
आमची आई विडी वळताना पान बघत नाही,
बोटालाच कळतं तिच्या. तसं का?
तसंच, म्हणाले. पण आईला विचार,
किती पानं वाया घालवली होती.

रकाना सहा, आवश्यक कौशल्य.
मी लिहिलं: ऐकणे.
तक्ता परत आला, लाल शाईत:
सदर कौशल्यास संकेतांक नाही.
खोडून लिहिलं, शटललेस लूम ऑपरेटर, चाळीस.
चाळीस कुठून आणले, विचारू नका.
यावेळी तक्ता परत आला नाही.

तौफिक नदाफ चिलवेरींकडेच लागला.
मल्लिनाथ पुण्यात पार्सलं वाटतो, माझ्याहून बरं कमावतो,
खोटं कशाला बोलू.
अंबिका इचलकरंजीला गेली. घरी दोन महिने अबोला होता.

परवा रात्री पावणेबाराला तिचा फोन.
सर, ऐका जरा, म्हणाली
आणि फोन मशीनसमोर धरला.
मला नुसता गोंगाट.
तसाच बनियनवर साखर पेठेत गेलो,
नरसय्यांना उठवलं, फोन त्यांच्या कानाला लावला.

ते ऐकत राहिले. कुत्रं भुंकलं, त्याला हाताने गप्प केलं.
पुन्हा ऐकलं.
मग फोन माझ्या हातात देत म्हणाले,
ही हवेवरची मशीन आहे, मास्तर.
हिचं खोकणं मला ओळखू येत नाही.
तिला सांगा,
कानातला बोळा काढ,
आणि आम्हाला फोन धरण्यापेक्षा
तूच जरा जवळ जा.

पलीकडून अंबिका म्हणाली, ऐकलं.
फोन तिनं ठेवला नाही.
आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो,
मधे तो गोंगाट.