अर्धी गोळी

तेंदूची पानं कापायची कात्री
रात्री आठला मी साबणानं धुते
आणि गोळीचे दोन तुकडे करते.
एक तुकडा कधी दुसऱ्याएवढा होत नाही.
मोठा कुठला, ते दिव्याखाली धरून बघते,
आणि खरं सांगते,
ज्या दिवशी हजार विड्या पुऱ्या झालेल्या नसतात
त्या दिवशी हात मोठ्याकडेच जातो.

रेवंत नऊ वर्षांचा.
दोनला उठतो, भिंतीवर डोकं आपटतो,
खालच्या मागांच्या ठेक्यात,
जणू अंधारात तोही टॉवेल विणतोय.
कारखान्याला सुट्टी असली की मुळीच झोपत नाही.
शांतता टोचते त्याला.
मनगटाला चावतो.
मी माझं मनगट पुढं करते.
चावायचंच तर ह्याला चाव.

आधी दिरानं हैदराबादहून डबी आणलेली.
अस्वलाच्या आकाराच्या, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या
झोपेच्या गोळ्या.
"औषध नाही वदिना, व्हिटॅमिनसारखंच."
चार दिवस झोपला.
पाचव्या दिवशी ज्वारीच्या पिठातून डबी हुडकून
सात अस्वलं खाऊन बसला.
सिव्हिलच्या बाकावर रात्रभर
मी त्याच्या नाकाखाली बोट धरून होते.
त्याला काही झालं नाही.
माझं बोट मात्र अजून झोपेत तिथं जातं.

मग सात रस्त्याला, जिना चढून, मैंदर्गीकर मॅडम.
"गोळीनं मूल बदलत नाही, श्यामला.
झोप झाली तर त्याला आपलं म्हणणं सांगायला
दम राहील, एवढंच.
मोबाईल सातला बंद. ट्यूब बंद.
आणि वहीत लिहायचं,
कधी झोपला, कितीदा उठला."

अत्तम्मा हसली. दात नाहीत, तरी मोठ्यानं.
"आम्ही पोरांना नखाएवढी अफू चाटवायचो,
सुपात निजवायचो, विड्या वळायचो.
तुझा नवरा तसाच मोठा झाला."
मी नवऱ्याकडं बघितलं.
तो कडक भाकरी मोडत होता.
काही बोलला नाही.
तो कधीच काही बोलत नाही.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, आता छान बसतो हो.
छान बसतो.
पूर्वी येताना, वाळत घातलेल्या सुताच्या लडी
मोजायचा, तेलुगूत, ओरडून,
अख्खी दाजी पेठ वळून बघायची,
मी मान खाली घालून चालायची.
आता बोट धरून गप्प येतो.
लडी तशाच वाळतात, लाल, निळ्या,
कुणी न मोजलेल्या.
हेच हवं होतं ना मला?

परवा उरलेला तुकडा मी गिळला.
बघू तरी, पोरगं रात्री कुठं जातं.

कुठंच नव्हतं काही.
स्वप्न नाही, माग नाही, तंबाखूचा वास नाही.
जागी झाले तेव्हा ऊन उंबऱ्याच्या आत आलेलं,
जीभ चादरीसारखी जाड,
आणि तळहातावर काहीतरी टकटक.
रेवंत माझ्याआधी उठून बसलेला.
माझ्या तळहातावर एका बोटानं मोजत होता,
ओकटी. रेंडू. मूडू.
इतकं हळू,
जसं निजवताना मी मोजते.

मॅडमना सांगितलं. चांगल्या रागावल्या.
मग पेन थांबवून विचारलं,
कशी होती झोप?
मी म्हटलं, बंद दुकानासारखी.
त्यांनी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, पाव.

पाव तुकडा कात्रीनं होत नाही. भुगा होतो.
नवऱ्यानं न बोलता ब्लेड आणून दिलं.

वहीत कालची ओळ:
दोनला उठला. डोकं आपटलं, थोडं.
मग अंधारात लडी मोजायला लागला,
आवाज काढून. शेजारणीनं भिंत वाजवली.
मी थांबवलं नाही.
अकरापर्यंत ऐकलं.
पुढचं माहीत नाही, मला झोप लागली.