जडत्वाचा क्षण

इंगवले मॅडमनी फळ्यावर लिहिलं, मोमेंट ऑफ इनर्शिया,
आणि मी समासात शिसपेन्सिलीनं
अर्थ लावून टाकला:
जडत्वाचा क्षण.

मला तर ते लगेच पटलं.
असतोच की असा क्षण.
वडणग्याची केएमटी शिवाजी पुलावर अडकते,
तुम्ही दारात पोचता तेव्हा खडू थांबलेला,
साठ माना वळलेल्या,
आणि 'मे आय कम इन',
जे पाचवीपासून घडाघडा म्हणत आलो,
ते घशात ओंडक्यासारखं आडवं पडतं.

दहावीला विज्ञानात सत्त्याण्णव होते मला.
गावात फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो,
शेजारी त्याच्या दुप्पट सरपंचांचा.
वेग म्हणजे काय, झोपेत सांगितलं असतं.
वेग: दोन अक्षरं, तोंडातून सुटली की संपलं.
इथं व्हेलॉसिटी म्हणेपर्यंत
मॅडम पुढच्या पानावर.

पहिल्या युनिट टेस्टला तीसपैकी सात.
व्याख्येखाली मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं
एका क्षणाबद्दल, ज्यात वस्तू हलत नाही.
मॅडमनी काट मारली नाही.
लाल शाईत नुसतं प्रश्नचिन्ह,
आणि का कुणास ठाऊक, तेच जास्त लागलं.
रुबीना मुजावरला पाच. म्हणाली,
'माझ्यापेक्षा दोननं हुशार गं तू.'
जिन्यात बसून एक वडापाव निम्मा निम्मा खाल्ला.
पेपर मी ड्रॉइंग शीटच्या काळ्या नळकांड्यात सरकवला.
घरी त्यात कुणी डोकावत नाही.

रविवारी कॉलेज बंद, उद्यमनगर चालू.
अण्णांचा डबा घेऊन गेले.
लेथवर फ्लायव्हील चढवलेलं,
परातीएवढं, ओतीव, काळंभोर,
बिडाचा चुरा त्यांच्या भुवयांत.
सहज विचारलं, मधलं एवढं पोकळ का ठेवतात?
'वजन कडंला पायजे,' मशीनवरची नजर न काढता म्हणाले,
'मधी ठिवून काय करायचं?
सुरू कराय लई ताकद खातंय,
पण एकदा फिराय लागलं की
सजासजी थांबत न्हाई.
लोणचं इसरलीस व्हय?'

लोणचं विसरले होते.
पण सूत्रातला तो आर,
डोक्यावर बारका दोन घेऊन फिरणारा,
पहिल्यांदाच मला कुठंतरी बसलेला दिसला:
कडेला, बिडात.

मंगळवारी हात वर केला. मराठीतच विचारलं.
मागं कोणतरी फिसकन हसलं.
मॅडमनी उत्तर इंग्रजीत दिलं, तीन वाक्यं.
दोन कळली.

लायब्ररीत जाडजूड कोश काढून बघितला.
त्या मोमेंटला मराठीत म्हणतात आघूर्ण.
जन्मात ऐकला नव्हता हा शब्द.
रुबीनाला दाखवला. तिनं दोनदा वाचला,
म्हणाली, 'यापरास इंग्लिशच बरं.'

दुसऱ्या टेस्टला अकरा.
फ्लेक्स काही लागणार नाही त्याचा.
नळकांड्यातनं सातचा काढला,
अकराच्या शेजारी ठेवून बघितला,
दोन्ही परत गुंडाळले.
अण्णांना अजून सांगितलेलं नाही.
समासातलं मात्र खोडलं नाही मी.
खाली पेनानं आघूर्ण लिहिलं
आणि दोघांना राहू दिलं.

आता गणितात इंटिग्रेशन सुरू झालंय.
ते लांब मानेचं चिन्ह
बगळ्यासारखं उदाहरणाच्या काठाला उभं असतं,
काय करायचं त्याचं, अजून कळत नाही.
पुलावर बस अडकली की
खाली पंचगंगेत तसलेच दिसतात,
एका पायावर, हलत नाहीत.
बस सुटेपर्यंत
मी बघत बसते.