एकोणीस ग्रॅम

हुपरीत पैंजणांच्या धुण्याचं पाणी
आता गटाराला जात नाही.
पाइपातून आमच्या शेडमध्ये येतं,
निळसर, जरा कडवट वासाचं,
आणि मी, पहिली शिफ्ट, सकाळी सातला
त्याचा सामू वहीत उतरवतो.

टाकीत दोन पत्रे, मध्ये थोडी वीज.
रात्रभरात एका पत्र्यावर
राखाडी बुरशीसारखी चांदी चढते.
चमकत नाही. बघायला येणारे विचारतात,
हीच का?
खरवडली, वाळवली, तोलली.
एकोणीस ग्रॅम.

दस्तगीर झारेकरी फाटकाशी आला
काखेत घमेलं, हातात कुंचा.
कोल्हापुरात गुजरीच्या गटारी त्याच्या बापाच्या,
हुपरीच्या गल्ल्या त्याच्या वाटणीच्या.
चाळीस वर्षं, दुकानं उघडायच्या आत,
झाडलं, ओढ्यावर नेऊन धुतलं.
पाऱ्यानं चांदी दिली
आणि बोटांना थरथर.
"तुमी आल्यापास्नं गटार मोकळंच की ओ."
तक्रार नव्हती.
आजचा भाव सांगावा, तसं.

आत नेलं. नियमात बसत नाही.
मोजे घाल म्हटलं, तर हसला,
"मोज्याला काय कळतंय?"
तळाचा गाळ चिमटीत चोळला, उन्हाला धरला.
"हितं बी ऱ्हायलीया. तुज्या पत्र्याला गावली न्हाई."
नमुना शिरोलीला पाठवला.
लॅबनं तीन दिवसांनी तेच कळवलं,
दशांश चिन्हासकट.

पण त्या दिवशी त्यानं विचारलं,
जाती कुठं ही?
सौर पॅनेलवर, म्हटलं. केसाहून बारीक रेघा.
ऊन पडलं की वीज त्यांच्यातनं चालते.
"छपरावर?"
छपरावर.
"म्हंजी पायातली डोक्यावर गेली."
बराच वेळ टाकीकडं बघत राहिला.
"किती वर्सं टिकतंय त्ये?"
पंचवीस.
"आनि त्येच्या फुडं? कुनाच्या गटारात?"
वहीत त्याला रकाना नव्हता.

जाताना नखातला गाळ
त्यानं बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टोकरला,
पुडी बांधली, टेबलावर ठेवली.
"ह्ये तुमचंच. तोला."
तोललं. आकडा हलला नाही.
पुडी मी टाकीत झटकली.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर
एकोणीसच.