व्हिला बावीस, झाखर

फेब्रुवारीत, दुपारी चारला, झाखरच्या सिग्नलवर
हेल्मेटवर टक् वाजलं. मग दुसरं.
वाटलं, पुढच्या ट्रकमधून खडी सांडतेय.
मग मूठमूठ, मग पाटीपाटीनं,
पाच मिनिटांत अल ऐनचा रस्ता
जाड मीठ वाळत घातल्यासारखा.

पुलाखाली आम्ही नऊ गाड्या.
पेटीत कुणाच्या बिर्याणी, कुणाच्या इन्सुलिनच्या सुया,
माझ्या पेटीत बर्फाच्या दोन पिशव्या.
कुणी हसलं नाही. टायमर चालू होता.

शेरबाज हुंझ्याचा.
तिकडं हिवाळ्यात मोटारसायकलवरून दुधाचे कॅन न्यायचा,
मागच्या टायरला दोर गुंडाळून.
इथं सहा वर्षं आमच्यात सगळ्यात हळू तोच;
पोरं म्हणायची, चाचा, खाली उतर, ढकलत ने.
आज तो उकिडवा बसला,
गारा तळव्यावर चुरडल्या, बोट ओढून बघितलं.
"अजून मोकळ्या आहेत. ऊन गेलं की काच होईल.
निघायचं तर आत्ता."

पुढचा ब्रेक नाहीच असं समजा.
दुसरा गिअर. पाय खाली, पण टेकवायचे नाहीत.
हँडल असं धरा, जसं दुसऱ्याचं तान्हं धरतो.
आणि घसरलीच, तर तिला जाऊ द्या,
तिच्यामागं जाऊ नका.

"गाडी कंपनीची आहे," मी म्हणालो.
"म्हणूनच," तो म्हणाला.

मी गाडी शिकलो आजऱ्याच्या घाटात, मुरमावर.
गुडघ्यात तिथला एक खडा अजून आहे,
थंडीत तो जागा होतो.
त्या दिवशी तो जागा होता.
नऊ गाड्या एकामागं एक, चालत्या माणसाच्या वेगानं.
एक लँडक्रूझर दुभाजकावर आडवी,
मालक बाहेर उभा राहून फोनवर स्वतःचंच शूटिंग करत होता.
एका गल्लीत पोरं कंदुऱ्याच्या ओच्यात गारा गोळा करत होती,
ओचे गळत होते, पोरं पळत होती.

आठ जण नीट पोचलो.
शेरबाज पडला, वळणावर,
मागं वळून आम्हाला मोजत असताना.

व्हिला बावीसच्या दारात एक बाई बादली घेऊन उभी,
अंगणातूनच भरलेली, काठोकाठ.
माझ्या पिशव्यांकडं बघितलं, बादलीकडं बघितलं.
"आता नको," म्हणाली. ऑर्डर रद्द.

त्या पिशव्या मग शेरबाजच्या घोट्यावर बांधल्या,
बसस्टॉपवर, माझ्या गमछानं.
तो म्हणाला, जरा घट्ट.
समोर हफीतचा डोंगर अर्धा पांढरा,
त्याच्याकडं त्यानं एकदाच बघितलं
आणि पायमोजा वर ओढला.

साडेपाचला ऊन पडलं. रस्ता कोरडा,
कडेला फक्त मोडलेल्या फांद्या.
अॅप विचारत होतं, उशिराचं कारण निवडा:
ट्रॅफिक, चुकीचा पत्ता, ग्राहक फोन उचलत नाही.
मी खाली-वर बघितलं, पुन्हा बघितलं,
आणि ट्रॅफिक निवडलं.