शेडमागचं मैदान

प्लॉटवर पाया खणायला घेतला
तर हातभर खाली राख लागली.
अजून हातभर. राखच.
ठेकेदार म्हणाला, बाई, जमीन धरत नाही ही,
खर्च वाढेल.
खर्च वाढला.

घरभरणी झाली आणि उखा कोळी यायला लागला.
दुपारी धुळे पॅसेंजर गेली की
फाटक न वाजवता ओट्यावर येऊन बसायचा.
आधी मी हाकललं. मग पाणी दिलं.
मग चहा.

त्याच्याकडून कळलं ते तुटक तुटक:
चाळीसगावात इंजिनं पोट रिकामं करायची,
बायका ती राख पाट्यांनी वाहायच्या,
बाभळीच्या खड्ड्यात ओतायच्या.
वीसेक वर्षांत खड्डा बुजला, सपाट झाला,
आणि सपाट जागा दिसल्यावर पोरं काय करणार?

पहिला फुटबॉल हेंडरसन गार्डचा,
शिट्टीही त्याचीच.
खांब भंगारातल्या रुळांचे.
जाळी उखाच्या आईनं विणलेली,
गिरणेतल्या माशांसाठी मारायची तीच गाठ,
फक्त घर जरा मोठं.
शेड खेळायची, मिल खेळायची, दोन्हीकडे अनवाणी.
पडलं की गुडघ्यात राखेचे खडे शिरायचे
आणि वरून कातडी मिटून जायची.
धोतर वर करून दाखवलं त्यानं:
निळसर ठिपके, गोंदल्यासारखे.
मग धोतर खाली केलं, बशीत चहा ओतला.

डिझेल आलं तशी राख थांबली.
दर उन्हाळ्यात वारा मैदान थोडं थोडं उचलून न्यायचा,
वरून टाकायला काही नव्हतं.
एका पोळ्यानंतर मिलचा भोंगा वाजलाच नाही.
मग सर्कस आली, कपाशीच्या गाड्या आल्या,
एकदा कुण्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर.
जाळी परत नदीवर गेली.
खांब एका रात्रीत गेले,
कुठं ते अख्ख्या गावाला ठाऊक.

मला वाटायचं, कधीतरी कपाचं सांगेल.
कप निघाला की तो सुपारी कातरायला घ्यायचा.
एका दुपारी मी गहू निवडत होते,
तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला:
शेवटली पाच मिनिटं.
मिलच्या हिलालनं डाव्या पायानं मारला,
मी पोटाखाली दाबला.
वाऱ्यानं फक्की उडालेली, रेघच नव्हती.
पंच पळत आला, मला विचारलं.
मलेच विचारं, वं माय.
मी मान हलवली.

शेड जिंकली. गुलाल उडाला, काळ्या राखेवर गुलाल.
हिलाल भांडला नाही.
सदरा खांद्यावर टाकला,
सकाळी पहिल्या पाळीला साच्यावर उभा राहिला
आणि मैदानाकडची वाट सोडून
नदीकडून घरी जायला लागला, कायमचा.

उखा उठला.
काठीनं ओट्याच्या फरश्या मोजल्या,
दाराकडून तिसरी.
"आठे रेघ व्हती."
मग काठी सरकत सरकत आत आली,
चपलांच्या स्टँडपर्यंत.
"चेंडू आठे. गयथा. पुरा गयथा."

लिहून दे म्हणाला, तुझं अक्षर चांगलं.
पोराच्या वहीचं पान फाडून लिहिलं.
खाली त्यानं सही केली, इंग्रजीत,
शेडच्या हजेरीपटावर करायचा तशी, लफ्फेदार.
नाव कुणाचं घालू?
हिलाल गेल्या माघात वारला.
मिलमध्ये बारदानाचं गोदाम.
पंच कोण होता ते त्याला आठवेना,
बराच वेळ आठवेना.
"ऱ्हाऊ दे तुनाजोडे," म्हणाला.

कागद लाईट बिलांच्या पिशवीत आहे.
उखा अजून येतो,
पण ओट्यावर चढत नाही, पायरीवर बसतो.
घराच्या मागच्या भिंतीला बारीक तडा गेलाय.
ठेकेदार येऊन बघून गेला,
म्हणाला, राख बसतेय अजून,
बसू द्या.